जिभेवर चालणारं बेट

पाणीआक्काला कोणी गरीब गाय समजू नये. बेटावर तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, आणि गंमत अशी की सगळं बेट चालायचं तेही तिच्या तोंडावरच.

म्हणजे कसं, ते सांगते. बेट एवढंसं. एका टोकाकडून निघालात तर गप्पा संपायच्या आत दुसरीकडचा समुद्र समोर येतो. असल्या बेटाच्या पोटातलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. पावसात साय धरायची आणि पुढे ती बेताबेताने काढायची. हावरटासारखी ओरबाडली की खालचं खारं वर येतं, आणि एकदा वर आलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यात समुद्रही आता पूर्वीचा राहिलेला नाही. आक्काच्या लहानपणी जिथे होड्या उलट्या घालून ठेवत, तिथे आता ओहोटीलाही घोटाभर पाणी असतं. एका वर्षी तर वादळाच्या लाटा सरळ खालच्या आळीत शिरल्या. विहिरी खारावल्या. पुढे कितीतरी काळ लोक धक्क्यावर हंडे मांडून पाण्याच्या बोटीची वाट बघत बसले. सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरेपर्यंत गेल्या, हंडाभर पाण्यासाठी.

त्यानंतर बेटाने एक शहाणपणा केला. पाहुण्यांना खोल्या देणारी सगळी घरं एकत्र बसली आणि ठरलं, की पाहुणे हवेत, पण पाणी राखून. खालच्या आळीतली मोठी विहीर ही खूण. तिचं पाणी मचूळ लागायला लागलं की सगळ्यांनी खोल्या बंद करायच्या, पंप थांबवायचे, आणि विहीर पुन्हा गोडी होईपर्यंत एकही नवा पाहुणा उतरवून घ्यायचा नाही. मग तो राजा असो नाहीतर जावई.

पण मचूळ झालं हे सांगणार कोण? मुख्य भूमीवरून खारेपणा मोजायचं एक मीटर आलं होतं. खारी हवा खाऊन ते पहिल्याच वर्षी मेलं. दुसरं आलं, तेही त्याच वाटेने गेलं. मग सगळ्यांच्या नजरा आक्काकडे वळल्या. तिचा जन्म पाणी भरण्यात गेलेला, आधी शाळेचं, मग दवाखान्याचं. डोळे मिटून घोट घेतला की ती विहिरीचं नाव सांगायची. घरमालकांच्या समितीचा अध्यक्ष होता बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा मेकॅनिक. तो म्हणाला, "आपलं मीटर हेच. बिघडलं तर फक्त ओरडतं."

तेव्हापासून आक्का रोज सकाळी चहाच्या आधी, चूळ भरून, स्वतः विहिरीवर जायची. बादली सोडायची, एक घोट तोंडात धरायची आणि थुंकायची. "गोडं," म्हणाली की दिवस सुरू. दोनदा ती "मचूळ" म्हणाली होती. दोन्ही वेळा खोल्यांना कुलपं लागली, मालकांनी कपाळाला हात लावला, आणि पाऊस पडल्यावर विहीर सुधारली. जीभ कुणाची बटीक नाही, हे लोकांना तेव्हा कळलं.

आता धाकट्याची ओळख करून द्यायला हवी. धाकटा म्हणजे आक्काचा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. आक्काने त्याला एका कडेवर आणि कळशी दुसऱ्या कडेवर, असं वाढवलं. लग्नाचं वय त्याच्या शेंबडात आणि परीक्षांत निघून गेलं, त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. वाटलं असेल तर बोलली नाही. खेळायला खेळणी नव्हती, म्हणून ती त्याच्यापुढे तीन पेले मांडायची. "सांग, हे कुठलं?" पोरगं ओठ बुडवून सांगायचं, "शाळेचं!" "आणि हे?" "हे तू दोन विहिरींचं मिसळलंस, लबाड!" आक्का त्याला उचलून गरगर फिरवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझी जीभ आलीय पोराला."

हाच धाकटा पुढे बेटावरचा सगळ्यात मोठा घरमालक झाला. वरच्या चढावर त्याचं घर, ओळीने खोल्या, छपरावर सोलरच्या पाट्या, अंगणात पावसाच्या पाण्याची हत्तीएवढी टाकी. दारावर फलक, "निसर्ग जपणारं घर". येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो आक्काची गोष्ट सांगायचा. आमच्या बेटावर पाणी कमी पडलं की आम्ही धंदा बंद ठेवतो बरं का, आणि ते ठरवते माझी बहीण, नुसत्या जिभेवर! पाहुणे हरखून जायचे. विहिरीवर घोट घेणाऱ्या आक्काचा मोठा फोटो त्याने जेवणाच्या खोलीत लावला होता, इंटरनेटवरही टाकला होता. लोक म्हणे तो फोटो बघूनच खोली ठरवायचे. आक्का वरवर कुरकुरायची, "मेल्या, निदान केस तरी विंचरू द्यायचेस," पण मनातून सुखावायची.

मग तिच्या गुडघ्याने दगा दिला. विहिरीची वाट उताराची, दगडांची. दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा मेकॅनिकनेच उचलून घरी आणलं आणि म्हणाला, "आक्का, उद्यापासून तुम्ही विहिरीकडे जायचं नाही. विहीर तुमच्याकडे येईल." मग सभा भरली. पाणी कोणी आणून द्यायचं? प्रश्न विचारायचाही अवकाश, धाकटा पुढे झाला. "मी असताना दुसरा कोण? माझी आईच आहे ती." सभेत चार बायकांनी डोळे पुसले. भाऊ असावा तर असा! इतकी वर्षं सगळ्यांनी पाणी चाखणारीला पारखलं होतं. पाणी आणणाऱ्याला पारखावं, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

रोज उजाडलं की धाकटा हजर. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली, आणि तिच्यासाठी थर्मासात चहा. आधी बाटली, मग चहा. गुडघ्याला तेलही चोळून द्यायचा कधीकधी. शेजारपाजारचे बघायचे, आणि आक्का फुलून जायची. "घे, तोंड गोड कर," तो म्हणायचा. ती घोट घ्यायची, खिडकीतून थुंकायची, म्हणायची, "गोडं." आणि भावाला जरा जास्त वेळ बसवून ठेवायची. इतक्या वर्षांत तो एवढा वेळ तिच्याजवळ बसला नव्हता, हे खरं.

हंगाम जोरात होता. बोटी भरभरून येत होत्या. पाऊस यंदा हात आखडून पडला होता, तरी विहीर गोडी कशी राहिली याचं आक्कालाही नवल वाटायचं. एकदा बोललीही तसं. धाकटा म्हणाला, "तुझी पुण्याई."

पहिली कुरकुर केली लाँड्रीवालीने. लाँड्रीवाली म्हणजे आक्काची जिवाभावाची. दोघी एकाच विहिरीवर वाढलेल्या, एकमेकींची उणीदुणी काढायचा दोघींना हक्क. खालच्या आळीत तिचं घर, आणि सगळ्या पाहुण्यांच्या चादरी, टॉवेल तिच्याकडे. एका सकाळी ती आक्काच्या दारात आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आक्का, साबणाला फेस येत नाही. चादरी वाळल्या की पापडासारख्या ताठ होतात. पाणी बिघडलंय."

धाकटा तिथेच बसला होता. आक्काने त्याच्याकडे पाहिलं, मग हसून म्हणाली, "पाणी आत्ताच चाखलंय मी. तू साबण बदल."

"साबण तोच आहे, वीस वर्षं."

"मग हात बदल."

धाकटा खो खो हसला. दारावरून जाणारे दोघंतिघंही हसले. लाँड्रीवालीचं तोंड एवढंसं झालं. ती उतरून गेली आणि पुन्हा आली नाही. आक्काला वाटलं, येईल, राग नाकावर आहे, चार दिवसांत विसरेल.

खालच्या आळीत तरी इतरांना कळत नव्हतं का? कळत होतं हो. पण त्यांची तऱ्हा निराळीच. घोट घेतला की तोंड वाकडं व्हायचं, आणि पुन्हा तेच म्हणायचे, आक्का गोडं म्हणतेय ना, मग आपल्याच तोंडाला काहीतरी झालं असेल. एकजण तर दवाखान्यात जाऊन जीभ दाखवून आला. स्वतःच्या तोंडापेक्षा आक्काच्या तोंडावर विश्वास! आणि चढावरचे मालक टाकीचं, गाळलेलं पाणी पिणारे. त्यांना विहिरीची चव कशी असते हेच आठवत नव्हतं. आक्का स्वतः तरी काय, घरी छपरावरून साठवलेलं पाणी प्यायची आणि चाखायची ते बाटलीतलं.

एक दिवस आक्का खिडकीत बसली होती. खालून हातगाडी गेली, पांढऱ्या बोचक्यांनी लादलेली. तिने गाडीवाल्याला हाक मारली, "काय रे, हे कुठे?" तो म्हणाला, "चादरी. बोटीने मुख्य भूमीवर जातात धुवायला आता. लाँड्रीवालीच्या चादरींनी पाहुण्यांच्या अंगाला खाज येते म्हणे. तुमच्या भावानेच सगळ्यांना सांगून काम बंद केलं तिचं."

धाकटा रोज येतो, एवढं सांगतो, तेवढं सांगतो, आणि हे नाही सांगितलं? तिने काठी घेतली. गुडघा बोंबलत होता, त्याला दोन शिव्या घातल्या, आणि भिंतीला धरधरून उतार उतरली. मैत्रिणीची समजूत काढायची, साबण बदलायला लावायचा, भावाचे कान उपटायचे आणि काम परत मिळवून द्यायचं, असा सगळा बेत वाटेतच ठरला.

लाँड्रीवालीच्या अंगणातल्या दोऱ्या रिकाम्या होत्या. आतली मोठी पिंपं उपडी घातलेली. ती उंबऱ्यावर बसली होती. आक्काला बघून उठली, पाट दिला. आत गेली आणि पेलाभर पाणी आणून पुढे ठेवलं. आलेल्याला पाणी द्यायचं, एवढंच केलं तिने.

आक्का दमली होती. तिने मोठा घोट घेतला.

आणि तो तिला गिळवेना. मचूळ कसलं, खारट, चक्क खारट! तिने पदर तोंडाशी धरला आणि घोट पदरात सोडला.

"हे कुठलं पाणी?"

"मोठ्या विहिरीचं. आम्हाला दुसरं कुठलं आहे?" लाँड्रीवाली म्हणाली. "रोज हेच पितो. सुनेचे पाय सुजलेत, दिवस गेलेत तिला. दवाखान्यातली बाई विचारते, मीठ जास्त खाता का?"

आक्का तशीच उठली आणि विहिरीवर गेली. हाताने बादली सोडली, हाताने ओढली. तेच. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आपली जीभ गेली. इतके दिवस आपण खाऱ्याला गोडं म्हणत होतो, देवा! ती घरी कशी पोचली तिचं तिलाच माहीत. सकाळची बाटली ओट्यावर होती, तळाशी थोडं पाणी उरलेलं. तिने ते तोंडात घेतलं.

गोडं होतं.

मग ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि पुन्हा चाखलं, आता डोळे मिटून, नीट, तिच्या पद्धतीने. पावसाचं पाणी. टाकीतलं. नुसतं टाकीचं असतं तर पहिल्याच दिवशी तिने ओळखलं असतं, ते पाणी मुकं लागतं. यात विहिरीची चव होती, ओल्या मातीची, पण इतकीच की संशय येऊ नये. कोणीतरी मापात मिसळलं होतं. रोज मिसळलं होतं, चाखून चाखून. अशी जीभ बेटावर दोघांनाच होती.

भावाला निर्दोष ठरवायला तिने काय काय खटपट केली म्हणून सांगू! गड्याने भरली असेल बाटली. भावजयीने केलं असेल, ती पहिल्यापासून आतल्या गाठीची. चुकून असेल. चुकून रोज? शेवटी तिची तीच रडायला लागली. गुडघ्याला तेल चोळणारे ते हात, तो थर्मास, ते "तोंड गोड कर". कुणी परक्याने गळा कापला असता तर तिने उलट चार शिव्या हासडल्या असत्या. हे कुणाला सांगायचं?

सकाळी धाकटा आला. तिने बाटली घेतली, उघडली आणि त्याच्यापुढे धरली. "आज तू सांग. कुठलं हे?"

तो हसला. मग हसायचा थांबला.

"आक्का, हंगामापुरतंच होतं गं. खोल्या आधीच दिलेल्या होत्या लोकांना, त्यांना येऊ नका कसं सांगू? एकदा पाऊस आला की विहीर सुधारणारच आहे. सुधारते की नाही दर वेळी?"

"दर वेळी आपण थांबतो, म्हणून सुधारते. आणि खालची आळी काय पितेय तोवर?"

"त्यांना मी बाटल्या पाठवणार होतो."

"कधी? लाँड्रीवालीच्या सुनेला झटके आल्यावर?"

तो तिच्या पायाशी बसला, लहानपणी बसायचा तसा. "कुणाला बोलू नकोस. तू गोडं म्हणत राहा. थोडेच दिवस. माझं नाव जाईल, घर बसेल. तुला चालेल?"

"माझं नाव घालवताना तुला चाललं," आक्का म्हणाली. "ऊठ. संध्याकाळी सभा बोलावतेय मी."

बोटींच्या शेडमध्ये सभा भरली. सगळे मालक आले, खालची आळी आली, लाँड्रीवाली मागे खांबाला टेकून उभी राहिली. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "बोला आक्का."

"विहीर खारावलीय. आजची नाही, कधीचीच. खोल्या बंद करा."

एकच गलका झाला. "काल तर गोडं म्हणालात!" "पोरखेळ आहे का?" तेवढ्यात धाकटा उठला. हात जोडून, हळू आवाजात बोलायला लागला. "माझी बहीण आहे, म्हणून आजवर बोललो नाही. आक्काचं वय झालंय हो. परवा चहात साखर म्हणून मीठ घातलं तिने. आज गोडं म्हणते, उद्या खारट म्हणेल. जिभेचं काही खरं राहिलं नाही. बिचारीला आता विश्रांती द्या." पुढच्या बायका चुकचुकल्या. मालकांनी माना डोलावल्या, त्यांना हे ऐकायचंच होतं.

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. याचे सगळे गुन्हे आजवर तिने पदराखाली घेतले होते. शाळेचा माठ त्याने फोडला, मार तिने खाल्ला. आणि तो आत्ता त्याच हिशेबावर उभा होता. आक्का मला उघडं पाडणार नाही, तिच्याच्याने होणारच नाही. त्याच्या डोळ्यांत तिला ते स्वच्छ दिसलं, आणि सकाळपेक्षा ते जास्त लागलं.

"चहात मीठ मी घातलं नाही," ती म्हणाली. "पण तू माझ्या बाटलीत टाकीचं पाणी घातलंस. चार महिने. त्यात विहिरीचं किती मिसळायचं ते तुला बरोबर कळत होतं, कारण तीन पेले मांडून मीच तुला शिकवलं."

मालकांपैकी कुणीतरी पुटपुटलं, "म्हातारपणात माणूस काहीही बोलतं." मेकॅनिक उठला आणि बाहेर गेला. विहिरीची बादली घेऊन आला, टेबलावर आदळली, स्वतः ओंजळभर तोंडात घेतली आणि पचकन थुंकला. "कुणाला शंका असेल त्याने पुढे यावं." दोघं आले. तिसरा आला नाही.

मग मागून लाँड्रीवाली बोलली. "आक्काची जीभ शाबूत आहे. काल माझ्या घरी पाणी प्यायली तेव्हा तिचं तोंड मी बघितलंय." आक्काने वळून पाहिलं, डोळे भरून. तशी ती पुढे म्हणाली, "पण मी सांगितलं तेव्हा ती चार लोकांत हसली. तिच्या शब्दावर आता मी पाणी पिणार नाही. माझं मी चाखेन."

खोल्या बंद झाल्या. यंदाची गोड्या पाण्याची साय मात्र गेली होती. नुसत्या एका पावसाने ती धरणार नाही, हे मेकॅनिकने स्वच्छ सांगितलं. यापुढे दोन वेगळ्या घरांतल्या दोघांनी विहिरीच्या काठावर जाऊन चाखायचं, असं ठरलं. आक्काचं नाव कुणी घेतलं नाही. तिनेही घ्या म्हटलं नाही.

परतताना धाकट्याने तिला चढावर गाठलं. "झालं समाधान? घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस. मला बेटावर तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. आणि कुणासाठी? ती तुझी मैत्रीण, बघितलंस ना काय बोलली? उद्या तू मरायला टेकलीस की तोंडात पाणी घालायला ही आळी येणार नाही. मीच यायचोय, आक्का. मीच."

आक्का थांबली. गुडघा ठणकत होता. काठी तिने या हातातून त्या हातात घेतली.

"तू नको येऊस," ती म्हणाली. "तुझ्या हातचं पाणी चार महिने घेतलं तोंडात. आता कोरड्या तोंडाने मेले तरी चालेल मला."